भोरचे पाणी, माळशिरसचा द्राक्षारस

उन्हाळा सरत आला आणि भाटघर धरणाचे पाणी तळाला गेले, की भोर तालुक्यातील वेळवंड खोऱ्यात एक जुने शिवालय गाळातून वर येते. कांबरे गावचे हे कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतेक महिने जलाशयाच्या पोटात असते. पाणी ओसरले की आसपासच्या वाड्यांतील मंडळी तेथे जातात आणि मावळतीला परततात. पहिला मोठा पाऊस झाला की मंदिर पुन्हा पाण्याखाली जाते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस मीही ते पाहून आलो. भेगाळलेल्या गाळावर उभे राहिले असता एकच विचार मनात येतो : येथे साठलेले एवढे पाणी जाते तरी कोठे?

त्या दिवशी माझ्यासोबत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण होता. नोकरीनिमित्त तो अकलूजकडे राहतो. रात्री जेवणाच्या वेळी त्याने पिशवीतून एक बाटली काढून मेजावर ठेवली. ती सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील एका मळ्याची होती. तो म्हणाला, "फादर, एका मळ्याची वाइन म्हणून हिचे कौतुक करतात. एका मळ्याची म्हणजे नेमके काय? आणि ती चांगली की साधारण, हे ठरवायचे कोणी आणि कसे?"

द्राक्षारसाशी माझा संबंध वेदीवरील कपापुरता. आपल्या उपासनेच्या भाषेत द्राक्षारस म्हणजे द्राक्षे आंबवून झालेली वाइन. ह्या लेखातही त्या शब्दाचा अर्थ तोच घ्यावा. मिस्साविधीसाठी हा रस द्राक्षवेलीच्या फळापासूनचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, एवढेच १९८३ सालच्या धर्मसंहितेतील ९२४वे कलम मागते. तो उंची असावा, असे ते म्हणत नाही. त्यामुळे शुद्ध-अशुद्ध एवढे मला कळत होते, परंतु उत्तम-मध्यम हा प्रांत अगदीच अपरिचित होता. त्या तरुणाच्या प्रश्नाचा माग काढताना मी रोमपासून फ्रान्स-इंग्लंडपर्यंत भटकलो आणि अखेर पुन्हा भोरच्याच डोंगरात येऊन पोहोचलो.

एका टेकडीचे तीन भाग

इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात फालेर्नियन नावाच्या द्राक्षारसाची हकीकत देतो. तो नेपल्सच्या उत्तरेकडील एका डोंगराळ पट्ट्यातला. जाणकार मंडळी ह्या एकाच पट्ट्याचे तीन भाग करीत. टेकडीच्या माथ्यावरचा कावकिनियन, मधल्या उतारावरचा फाउस्टियन आणि पायथ्याचा साधा फालेर्नियन. ह्यांपैकी फाउस्टियन हे नाव फाउस्टस ह्या जमीनदाराच्या मळ्यावरून आले होते. एका मळ्याचा रस वेगळा ओळखावा आणि त्याला मळ्याचेच नाव द्यावे, ही रीत किमान दोन हजार वर्षे जुनी आहे, हे ह्यावरून दिसते.

ह्याच संदर्भात प्लिनी एक खंतही नोंदवतो. फालेर्नियनची कीर्ती त्याच्या डोळ्यांदेखत उतरणीला लागली होती, आणि दोष त्याने हवामानाला दिला नाही. गुणापेक्षा प्रमाणाकडे ज्यांचे लक्ष गेले, त्या बागाईतदारांना त्याने जबाबदार धरले. ही खंत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्याच जिल्ह्यात भेटणार आहे.

इटलीचा द्राक्षारस त्या काळी आपल्या किनाऱ्यालाही येत असे. 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे आजचे भरूच, येथे उतरणाऱ्या मालात द्राक्षारसाचा उल्लेख असून इटलीच्या मालाला विशेष मागणी असल्याचेही त्यात म्हटले आहे. हा रस ज्या दोन कानांच्या उंच कुंभांतून येई, त्यांची खापरे नेवाशाच्या उत्खननात आणि घारापुरीच्या किनाऱ्यावर सापडली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांतील एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप करून दिला, तर दुसऱ्याने पाण्याची टाकी खोदविली. कोकणातून नाणेघाट चढून जुन्नरला येणाऱ्या वाटेवर परदेशी माणसे आणि परदेशी माल ह्यांची नवलाई त्या काळी नव्हती.

भिंत आणि खंदक

रोमन साम्राज्य मोडल्यावर मळ्यांची ही बारकाईची ओळख युरोपात जिवंत राहिली, त्यात संन्यस्तांचा वाटा मोठा आहे. १०९८ साली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात सिस्टर्शियन संघाचा पहिला मठ स्थापन झाला. ह्या संन्यस्तांनी वूझो गावी द्राक्षवेली लावल्या आणि चौदाव्या शतकापर्यंत सुमारे पन्नास हेक्टरांच्या त्या मळ्याभोवती दगडी भिंत घातली. कोणता तुकडा आधी पिकतो, कोठे पाणी साचते, कोणत्या वेलींचा रस पिंपात अधिक वर्षे टिकतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहणे त्यांना शक्य होते. कारण माणसे बदलली तरी मठ तोच राहत असे. हे संन्यासी मातीदेखील चाखून पाहत, अशी दंतकथा आहे. तीत तथ्य असो वा नसो, जमीन जाणून घेण्याची त्यांची चिकाटी खरी होती. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. भिंत मात्र उभी आहे.

एका मळ्याच्या नावाने केलेल्या चवीची लेखी नोंद सतराव्या शतकात लंडनमध्ये मिळते. सॅम्युअल पीप्स हा इंग्रज अधिकारी रोजनिशी लिहीत असे. १० एप्रिल १६६३ रोजी एका मद्यगृहात त्याने बोर्डोजवळच्या ओ-ब्रियाँ मळ्याचा द्राक्षारस घेतला आणि अशी चांगली व आगळी चव आजवर आपल्याला भेटली नव्हती, अशा अर्थाची नोंद घरी येऊन केली. पुढे १६७७ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक प्रत्यक्ष त्या मळ्यावर गेला. पांढरी वाळू आणि बारीक खडे, अशी तेथील माती पाहून त्याला आश्चर्य वाटले, कारण अशा जमिनीत काही पिकेल असे कोणाला वाटले नसते. केवळ एका खंदकापलीकडे असलेल्या शेजारच्या मळ्यातून तितका चांगला रस येत नाही, असेही तेथील लोकांनी त्याला सांगितले.

सिस्टर्शियनांची भिंत आणि लॉकचा खंदक ह्या दोहोंमध्ये 'एका मळ्याचा' ह्या शब्दांचा अर्थ सामावला आहे. ज्यांनी वेल वाढविला त्यांनीच रस काढला, तो इतर कोठल्या द्राक्षांत मिसळला नाही, आणि बाटलीवरचे गावाचे नाव खरे आहे, असे ते वचन होय. चव घेणारा मुळात हे वचन पाळले गेले की नाही ह्याची परीक्षा करीत असतो.

आपल्याच जिल्ह्यातील धडा

आधुनिक काळात महाराष्ट्रात हे वचन प्रथम मोठ्या हिमतीने देऊ पाहणारी जागा पुणे जिल्ह्यातच होती. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले ह्यांनी १९८०च्या दशकात 'शातो इंडाज'ची उभारणी केली. शॅम्पेन प्रांतातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने तेथे फेसाळणारा द्राक्षारस तयार झाला आणि 'ओमर खय्याम' ह्या नावाने तो इंग्लंडच्या बाजारात गेला. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या जुन्नर भागात यवन येत होते, तेथूनच आता रस पश्चिमेकडे निघाला, ह्याचे अनेकांना अप्रूप वाटले. ह्या कामातून पुढच्या पिढीला बळ मिळाले. राजीव सामंत ह्यांनी नाशिकला 'सुला' काढली आणि तिचा पहिला द्राक्षारस २००० साली बाजारात आला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले.

परंतु इंडाजने पुढे झपाट्याने विस्तार केला, परदेशांतील उद्योगही विकत घेतले, आणि २००८च्या जागतिक मंदीनंतर ती कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. त्याच सुमारास राज्यातील अनेक लहान कारखान्यांत माल पडून राहिला. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांनी भरलेला असतो. खाण्याच्या बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. कारखान्याने घड उचलले नाहीत, तर थॉमसनसारखे ते हातगाडीवर विकता येत नाहीत. अनेक शेतकऱ्यांनी त्या काळात वाइनच्या वेली उपटून टाकल्या. प्लिनीची खंत जिल्ह्याच्या उत्तर टोकाला अशी पुन्हा खरी ठरली. चव जपण्यापेक्षा आकार वाढविण्याची घाई झाली, की किंमत मोजणाऱ्यांच्या रांगेत वेल लावणारा पहिला असतो.

नीरेच्या उताराला

आता त्या तरुणाच्या बाटलीकडे वळू. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला भोर आणि वेल्हे हे तालुके आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. राजगड आणि तोरण्याच्या ह्या मुलखाच्या पश्चिम कडेला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. असल्या ओलीत द्राक्षवेलीवर केवडा आणि भुरी ह्या रोगांचे राज्य होते. म्हणून येथे भात, नाचणी आणि रानात जांभूळ-करवंदे. पूर्वेला उतरत जावे तसा पाऊस विरत जातो आणि माळशिरसला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. कोरडी हवा, निचऱ्याची जमीन आणि हिवाळ्यात थंड रात्री द्राक्षाला मानवतात.

ह्या दोन टोकांना जोडणारी नदी म्हणजे नीरा. भोरच्या पश्चिम डोंगरात उगम पावून ती अकलूजवरून भीमेला मिळायला जाते. तिची उपनदी येळवंडीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले, आणि त्याच्या जागी बांधलेले प्रचंड लॉईड धरण १९२८ साली पुरे झाले. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. भाटघरची साठवण सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट. त्या पाण्यावर नीरेचा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे गेला. पुढे भोरमध्ये नीरा-देवघर आणि वेल्ह्यात गुंजवणी ही धरणेही झाली.

कालव्याच्या मागोमाग माणसे गेली. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी माळशिरस तालुक्यात जमिनी घेतल्या आणि १९३२ साली साखर कारखाना स्थापन केला. ते गाव आज माळीनगर म्हणून ओळखले जाते. त्यानंतर अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील ह्यांच्या पुढाकाराने सहकारी चळवळ रुजली. दुष्काळी माळाचे रूप पालटले. अशा रीतीने सुस्थिर झालेल्या तालुक्यात २००७ साली तीन भावांच्या जोड्या एकत्र आल्या : अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. म्हणून नाव ठेवले 'फ्रातेल्ली', इटालियन भाषेत 'भाऊ'. टस्कनीचे अनुभवी मद्यकार पिएरो मासी त्यांना येऊन मिळाले. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे मिळून सुमारे २४० एकरांवर युरोपातून आणलेली रोपे लावण्यात आली. टस्कनीचे सांजोवेझे हे द्राक्ष त्यामुळे सोलापूरच्या मातीत रुजले. त्यांच्या मानाच्या बाटलीचे नाव 'सेट्टे', म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

युरोपात वेलीची छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेल थंडीत पुरती झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा वेलीला नुसता वाढू द्यायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फळ धरायचे. तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये. उन्हाने मण्यातली साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. तोडणीचा दिवस चुकला तर रस सपक होतो. म्हणून उन्हे चढण्यापूर्वी घड उतरवून घ्यावे लागतात.

जिभेची साक्ष

एका मळ्याच्या रसाची परीक्षा दोन तऱ्हांनी करतात. एक, तोच रस वेगवेगळ्या वर्षांचा ओळीने मांडून. त्यातून त्या त्या वर्षीचे हवामान आणि मळेवाल्याची सावधगिरी कळते. दुसरी, एकाच वर्षीचे निरनिराळ्या तुकड्यांचे किंवा जातींचे रस शेजारी ठेवून. त्यातून जमीन आणि जात कळते. माळशिरसच्या ह्या मळ्यात सांजोवेझे ह्या काळ्या द्राक्षापासून तांबडा आणि पांढरा, असे दोन्ही रस करतात. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. साल लगेच वेगळी केली की त्याच घडातून फिकट रस निघतो. हे दोन पेले शेजारी ठेवले, की शिकणाऱ्याला तासाभरात पुष्कळ उमगते.

पेला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरतात. पांढऱ्या कापडावर तो तिरपा धरून कडेचा रंग पाहतात. तांबड्या रसाची कड वयाबरोबर विटेच्या रंगाकडे झुकते. मग पेला हलके फिरवून वास घेतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेले, शिर्क्याचा आला तर रस आंबून गेलेला. मग एक लहान घोट तोंडात घोळवतात. आंबटपणाने लाळ सुटते, तुरटपणाने हिरड्या आवळतात, मद्यार्काने घशाला ऊब येते. ह्यांतले एकही दुसऱ्यावर कुरघोडी करीत नसेल, आणि घोट गेल्यावरही चव रेंगाळत असेल, तर रस चांगला. घोट गिळायचा नसतो. तो भांड्यात थुंकून टाकायचा असतो. ज्यांनी घरातील दारूचे दुःख भोगले आहे, अशी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, की परीक्षकाचे काम शुद्धीत राहण्याचे आहे.

गुण देण्याच्याही पद्धती आहेत. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाने १९५९ साली वीस गुणांची मोजपट्टी काढली. १९७८ पासून रॉबर्ट पार्कर ह्या अमेरिकन समीक्षकाने शंभर गुणांची रीत रूढ केली. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे ते नाव झाकून चाखणे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे झाकलेले पेले ठेवण्यात आले. त्यात लॉकने पाहिलेल्या त्या ओ-ब्रियाँचाही पेला होता. बाटल्या उघड्या झाल्यावर पांढऱ्या आणि तांबड्या दोन्ही वर्गांत कॅलिफोर्नियाचे रस पहिले आल्याचे दिसले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्डोच्या एका प्रयोगात पांढऱ्या रसात बेचव तांबडा रंग मिसळून तो द्राक्षविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना दिला गेला, आणि त्यांनी त्याचे वर्णन तांबड्या रसाच्या शब्दांत केले. डोळा जिभेला फसवतो, आणि बाटलीवरचे नाव दोघांनाही.

त्या रात्री आम्हीही एक लहान परीक्षा घेतली. तरुणाने माझ्यापुढे तीन पेले ठेवले. दोघांत सेट्टे होती, तिसऱ्यात दुसराच तांबडा रस. वेगळा कोणता, हे मी ओळखायचे होते. तीस वर्षे वेदीपुढे उभा राहिलेला मी आत्मविश्वासाने बोट दाखविले आणि चुकलो. पुन्हा सावकाश चाखले तेव्हा दोन पेल्यांत करवंदासारखी आंबूस, तुरट अशी एकच चव आहे, हे ध्यानात आले. पुस्तके चेरी आणि काळ्या बेदाण्याचे दाखले देतात. माझ्या जिभेला मात्र भोरच्या घाटातील करवंदच आठवले. चव सांगताना प्रत्येकाला आपल्या लहानपणाच्या रानात जावे लागते.

पाणी काढणारे

काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. भोजनाच्या कारभाऱ्याने रस चाखला आणि तो उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. त्या अर्थाने नाव झाकून चाखणारा तो एक प्रामाणिक परीक्षकच. पण योहान तेथेच एक लहानशी गोष्ट नमूद करतो : ज्या सेवकांनी पाणी काढले होते, त्यांना मात्र ते ठाऊक होते. इतकी वर्षे हे वाचन करताना त्या सेवकांवर माझी नजर कधी थांबली नव्हती.

एका मळ्याचा रस म्हणजे एका जागेचे खरे नाव. ते नाव जपले तर फाउस्टसचा मळा दोन हजार वर्षांनंतरही आठवतो. जपले नाही तर नारायणगावसारखी मोठी सुरुवातही विझते. माळशिरसच्या मळेवाल्यांनी ते जपावे, ही सदिच्छा. पण बाटलीवर जेवढे मावते त्याहून जागा मोठी असते. तो तालुका ज्या पाण्यावर उभा राहिला, ते अडविण्यासाठी वर डोंगरात गावे बुडाली, भातखाचरे गेली, आणि एक देऊळ वर्षातून थोडेच दिवस उजेड पाहते. जाणकाराचा निर्वाळा ज्यांच्या कानी कधी पोहोचत नाही, त्यांनीच वर पाणी भरून ठेवले आहे.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "परीक्षा करायला शीक. पेला डोळ्यांसमोर धरलास की कडेचा रंग पाहा, आणि आज दुपारी पाहिलेला गाळही आठव." त्याने उरलेली बाटली बूच लावून पिशवीत ठेवली. सकाळी तो अकलूजला निघाला, नीरेच्या वाटेनेच.